मोतीबिंदूनंतर ‘सहा-सहा’ म्हणजे नेमकं काय?

ऑपरेशनला पाच आठवडे झाले होते. लालबागच्या आजी खुर्चीत ताठ बसल्या, एका डोळ्यावर काळी पट्टी धरली आणि समोरच्या तक्त्याची सातवी ओळ न अडखळता वाचून दाखवली. सोबत आलेला मुलगा खूश झाला. “आई, सिक्स बाय सिक्स!” आजी गप्पच होत्या. थोड्या वेळाने त्यांनी पिशवीतून सुई आणि पिवळ्या दोऱ्याचं रीळ काढलं आणि म्हणाल्या, “ताई, सगळं दिसतंय म्हणता ना? मग हे बघा.” तीन वेळा दोरा नेढ्याच्या बाजूने निघून गेला. आजी तीस वर्षं घरी बसून साड्यांना फॉल लावतात.

मुलगा बरोबर होता आणि आजीही बरोबर होत्या. ऑपरेशन उत्तम झालं होतं. बुबुळ स्वच्छ, लेन्स जागच्या जागी, पडदा चांगला. तरी आजींच्या लेखी त्यांचा डोळा अजून कामाचा झालेला नव्हता. दादरच्या एका दवाखान्यात मी रोज डोळ्यांचे नंबर काढते, आणि असा प्रसंग आठवड्याला एकदा तरी येतोच. म्हणून मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर ‘किती दिसतं’ हे कसं मोजतात आणि त्या आकड्यांचा अर्थ काय, ते नीट सांगावंसं वाटलं.

आधी तो तक्ता. हर्मन स्नेलन या डच डॉक्टरांनी तो १८६२ साली तयार केला. तुम्ही तक्त्यापासून ६ मीटरवर बसता. अपूर्णांकातला वरचा ६ म्हणजे हे अंतर. खालचा आकडा म्हणजे निरोगी नजरेच्या माणसाला तेच अक्षर जास्तीत जास्त किती मीटरवरून ओळखता येतं, ते. कागदावर ६/६० लिहिलं असेल, तर निरोगी डोळ्याला जे ६० मीटरवरून, म्हणजे लोकलच्या साधारण तीन डब्यांइतक्या लांबून ओळखू येतं, त्यासाठी तुम्हाला ६ मीटरपर्यंत जवळ यावं लागतं. ६/६० चं अक्षर जवळजवळ ९ सेंटिमीटर उंच असतं, तर ६/६ चं ९ मिलिमीटरलाही किंचित कमी भरतं. हे टक्के नव्हेत. ६/१२ म्हणजे ‘निम्मी नजर’ असं अनेकजण समजतात आणि घाबरतात, पण ६/१२ वर माणूस पेपरातले मथळे वाचतो, माणसं ओळखतो, एकटा बाजारात जाऊन येतो.

मुंबईत सहा मीटरची खोली कुठून आणायची, हा प्रश्न आम्हाला रोजचाच. त्यामुळे बहुतेक दवाखान्यांत तक्ता तुमच्या डोक्याच्या मागे, उलट्या अक्षरांचा असतो आणि समोर तीन मीटरवर आरसा. जाऊन-येऊन सहा मीटर होतात. कुणी पुढे झुकून बसलं तर आम्ही पाठ टेकवायला सांगतो, त्याचं कारण हेच. एक वीत पुढे सरकलं तरी आकडा खोटा होऊ लागतो. आणखी एक काळजी मला फार महत्त्वाची वाटते. ऑपरेशनच्या आधी ज्या तक्त्यावर मोजलं, नंतरही त्याच प्रकारच्या तक्त्यावर मोजावं. आधी इंग्रजी अक्षरं आणि नंतर ‘ई’ची तोंडं कुठल्या दिशेला आहेत ते विचारायचं, असं केलं तर ओळ सुधारली ती डोळ्यामुळे की तक्त्यामुळे, हे कळत नाही.

स्नेलनच्या तक्त्यात एक अडचण आहेच. वरच्या ओळीत एकच अक्षर, खाली उतरत जाल तशी अक्षरं वाढतात, आणि ओळींमधल्या पायऱ्याही सारख्या नाहीत. १९७६ साली ऑस्ट्रेलियात बेली आणि लव्ही यांनी दुसरा तक्ता मांडला. त्यात प्रत्येक ओळीत पाच अक्षरं आणि सगळ्या पायऱ्या सारख्या. त्याला लॉगमार म्हणतात. तिथे ६/६ ला शून्य, ६/१२ ला ०.३ आणि ६/६० ला १ लिहितात. आकडा जितका मोठा तितकं कमी दिसतं, हे नवख्याला उलटं वाटतं. पण त्यात एकेका अक्षराचा हिशेब लागतो, प्रत्येक अक्षराला ०.०२. शंभर पेशंटची सरासरी काढायची असेल तर हाच तक्ता लागतो, कारण ६/६ आणि ६/६० यांची सरासरी काढू म्हटलं तर कशी काढणार?

आता मुख्य गोष्ट. ‘६/६’ ऐकल्यावर पहिला प्रश्न विचारायचा तो हा, की चष्मा लावून की चष्म्याशिवाय? रिपोर्टवर हे दोन वेगळे आकडे असतात. बिनचष्म्याची नजर सांगते की तुम्ही घरी उठता-बसता कसे पाहता. योग्य नंबर लावून येणारी सर्वांत चांगली नजर सांगते की डोळ्याची ताकद किती आहे. दोन्हींत फरक असला तर तो भरून निघणारा आहे, चष्म्याने. दुसराच आकडा कमी असेल तर मात्र कारण शोधावं लागतं.

हे ओळखायला आमच्याकडे एक साधं हत्यार आहे. काळा प्लास्टिकचा चमचा, त्यात टाचणीच्या टोकाएवढी भोकं. त्याला पिनहोल म्हणतात. डोळ्यासमोर धरला की इकडून तिकडून येणारे किरण अडतात आणि मधले सरळ किरणच आत जातात, त्यामुळे नंबरामुळे आलेला पुसटपणा बराचसा निघून जातो. बिनचष्म्याने ६/१८ वाचणारा माणूस पिनहोलमधून ६/६ पर्यंत गेला, तर मी निर्धास्त होते. उरलाय तो नंबर. पिनहोल लावूनही तो ६/१८ वरच अडला, तर कारण बुबुळात, लेन्सच्या मागच्या पिशवीत (मूळ भिंगाचं जे पातळ आवरण आतच ठेवतात, त्यात) किंवा पडद्यात असण्याची शक्यता असते आणि फाइल लगेच डॉक्टरांकडे जाते. मधुमेह असेल तर पडद्याची तपासणी टाळू नका. ऑपरेशननंतर साधारण चार ते सहा आठवड्यांनी पडद्याच्या मध्यभागी सूज येऊ शकते, आणि पहिल्या आठवड्यात छान वाचणारा माणूस महिन्याने दोन ओळी मागे गेलेला दिसतो.

नंबर उरतोच का? यासाठी आत बसवलेल्या लेन्सची निवड कशी होते ते पाहावं लागेल. हॅरॉल्ड रिडली यांनी लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलमध्ये १९४९ च्या नोव्हेंबरात पहिली कृत्रिम लेन्स बसवली. लढाऊ विमानांच्या काचेऐवजी वापरलेल्या प्लास्टिकचे तुकडे वैमानिकांच्या डोळ्यांत गेले, तरी डोळा ते सहन करतो, हे त्यांनी पाहिलं होतं. लेन्स बसली, पण सुरुवातीच्या त्या पेशंटना ऑपरेशननंतर भला मोठा मायनस नंबर आला. लेन्स डोळ्यात राहू शकते हे सिद्ध झालं होतं, ती कोणत्या ताकदीची हवी हे गणित अजून जमायचं होतं.

ते गणित आज असं होतं. डोळ्याची लांबी मोजायची, बुबुळाची वक्रता मोजायची आणि सूत्रात घालायची. १९८० च्या सुमाराचं एक जुनं सूत्र इतकं सोपं आहे की कागदावर करता येतं. लेन्स कंपनीने दिलेल्या स्थिरांकातून लांबीची अडीचपट वजा करा, मग वक्रतेची ०.९ पट वजा करा. समजा स्थिरांक ११८.४, डोळा २३.५ मिलिमीटर लांब आणि बुबुळाच्या वक्रतेचा आकडा ४४. मग ११८.४ वजा ५८.७५ वजा ३९.६, म्हणजे साधारण २०. या डोळ्याला २० नंबरची लेन्स. आजची सूत्रं यापेक्षा पुष्कळ बारकाईने चालतात, लेन्स आत किती खोल बसेल याचाही अंदाज घेतात, पण पाया हाच.

या गणितात मोजमाप किती नाजूक आहे बघा. डोळ्याची लांबी एका मिलिमीटरने चुकली तर निकाल साधारण अडीच नंबरने चुकतो. ए-स्कॅनची, म्हणजे ध्वनिलहरींनी लांबी मोजायची, जुनी पद्धत बुबुळाला टेकवून करायची असते. हात जरासा जास्त दाबला की डोळा चेपतो, लांबी कमी भरते, लेन्स जास्त ताकदीची निवडली जाते आणि पेशंटला नंतर मायनस नंबर येतो. प्रकाशाने मोजणाऱ्या मशीनला टेकवावं लागत नाही, म्हणून त्याची मापं जास्त भरवशाची. पण मोतीबिंदू फार पिकलेला असेल तर प्रकाश आत जातच नाही आणि पुन्हा ए-स्कॅनकडेच यावं लागतं. ‘पिकू द्या, मग काढू’ असं सांगणारे शेजारी अजून भेटतात. पिकवत बसण्यात नंबरचा अंदाज चुकण्याचाही धोका वाढतो, हे त्यांना माहीत नसतं. पूर्वी लेसरने चष्मा घालवला असेल तर ते मात्र मापं घेण्याआधीच आवर्जून सांगा, कारण अशा डोळ्यांवर नेहमीची सूत्रं फसतात.

सगळी मापं अचूक आली तरी लेन्सा अर्ध्या-अर्ध्या नंबरच्या पायऱ्यांनी मिळतात, आणि प्रत्येक डोळ्यात लेन्स अगदी ठरवल्याच खोलीवर बसते असं नाही. म्हणून मोठमोठ्या सर्जननाही शंभरातल्या शंभर डोळ्यांत नेमका शून्य नंबर मिळत नाही. ब्रिटनमध्ये २००९ साली एक मापदंड मांडला गेला होता. शंभरातले ८५ डोळे ठरवलेल्या नंबरपासून एकाच्या आत आणि ५५ डोळे अर्ध्याच्या आत यावेत. आज चांगली मशीन आणि नवी सूत्रं वापरणाऱ्यांचे निकाल याहून बरेच वरचे असतात.

इथला ‘ठरवलेल्या नंबरपासून’ हा शब्दप्रयोग मला सगळ्यात मोलाचा वाटतो. निकाल शून्याशी ताडायचा नसतो, ऑपरेशनच्या आधी जे ठरलं त्याच्याशी ताडायचा असतो. झवेरी बाजारात जडावकाम करणारा कारागीर घ्या. त्याचं सगळं आयुष्य डोळ्यापासून फूट-सव्वाफुटावर चालतं. त्याने आणि डॉक्टरांनी मिळून मायनस अडीच नंबर ठेवायचं ठरवलं, तर ऑपरेशननंतर चष्म्याशिवाय तो लांबचं ६/३६ किंवा ६/६० एवढंच वाचेल. तक्त्यावर हा निकाल वाईट दिसतो. पण हिरा कोंदणात बसवताना त्याला चष्मा लागणार नाही, लांबचं पाहायला तो चष्मा लावेल, आणि त्याच्यासाठी हेच यश आहे. लालबागच्या आजींशी कुणी आधी असं बोललंच नव्हतं. लांबचं स्पष्ट दिसणारी साधी लेन्स त्यांच्या डोळ्यात बसली. या लेन्सला एकच ठरलेलं अंतर असतं, तरुणपणच्या भिंगासारखं ती जवळ-लांब करत नाही. सुईसाठी जवळचा चष्मा लागणार, हे ऑपरेशनआधी दोन वाक्यांत सांगता आलं असतं आणि आजींना पाच आठवडे ‘आपलं ऑपरेशन बिघडलं’ या काळजीत काढावे लागले नसते.

चूक किती झाली, हे काढायची रीत अशी. समजा अंदाज होता -०.२५. प्रत्यक्ष नंबर आला -०.७५ आणि त्यावर सिलिंडर, म्हणजे बुबुळाची वक्रता सगळ्या दिशांना सारखी नसल्यामुळे लागणारा नंबर, -०.५०. सिलिंडरचा अर्धा भाग मूळ नंबरमध्ये मिळवायचा, म्हणजे -१.००. अंदाज आणि प्रत्यक्ष यांतला फरक ०.७५, मायनसच्या बाजूला. हे उत्तर एका पेशंटपुरतं झालं. दवाखान्याने आपल्या सगळ्या पेशंटचा हिशेब करताना प्लस-मायनस चिन्हं बाजूला ठेवून फरक मोजायला हवेत. नाहीतर एकाला प्लस एक आणि दुसऱ्याला मायनस एक आला की सरासरी शून्य निघते, कागदावर सगळं छान दिसतं आणि दोन्ही माणसं अंधुक पाहत असतात.

सिलिंडरच्या बाबतीतही असाच धोका आहे. +१.०० वर -२.०० सिलिंडर असलेल्या डोळ्याचं अर्ध्या-मिळवणीचं उत्तर शून्यच येतं. तरी त्या माणसाला बसच्या पाटीवरचा ४ हा ५ वाटू शकतो. म्हणून सिलिंडर नेहमी वेगळा पाहावा. टॉरिक, म्हणजे सिलिंडरही घालवणारी लेन्स बसवली असेल तर ती नेमक्या कोनात राहिली आहे का, हे बाहुली मोठी करून बघतात. लेन्स एक अंश फिरली की तिचा साधारण तीन टक्के फायदा जातो, आणि तीस अंश फिरली तर काहीच फायदा उरत नाही.

केव्हा मोजायचं? दुसऱ्या दिवशी पट्टी काढल्यावर जो आकडा लिहितात, त्यावरून आनंदही मानू नका आणि धीरही सोडू नका. बुबुळाला थोडी सूज असते, बाहुली औषधाने मोठी झालेली असते. फेकोमध्ये, म्हणजे मोतीबिंदू मशीनने आतच फोडून ओढून घेतात त्या ऑपरेशनमध्ये, छेद अडीच मिलिमीटरच्या आसपास असतो, तिथे नंबर लवकर स्थिरावतो. हाताने करायच्या बिनटाक्याच्या ऑपरेशनला सहा-सात मिलिमीटरचा छेद लागतो, तो भरताना बुबुळाची वक्रता आठवडे बदलत राहते. पक्का नंबर आम्ही साधारण चार ते सहा आठवड्यांनी काढतो. लग्नकार्य आहे म्हणून आठव्या दिवशी महागडा प्रोग्रेसिव्ह चष्मा करून घेतलेले, आणि महिन्याने तो ड्रॉवरमध्ये टाकलेले कितीतरी लोक मी पाहिलेत. तोपर्यंत वाचायला साधा, स्वस्त जवळचा चष्मा चालतो, तोही डॉक्टरांना विचारून.

तक्त्यावर ६/६ असूनही तक्रार खरी असू शकते. तक्ता म्हणजे पांढऱ्याशुभ्र पाटीवर काळीकुट्ट अक्षरं. जुलैतल्या संध्याकाळी, पाऊस पडत असताना दादरच्या पुलाच्या ओल्या राखाडी पायऱ्या उतरणं ही वेगळी परीक्षा आहे. तिथे पायरीची कड आणि पायरी यांच्या रंगांत फरकच नसतो. हे मोजायला पेली-रॉबसनचा १९८८ सालचा तक्ता आहे. त्यात सगळी अक्षरं एकाच आकाराची असतात, फक्त तीन-तीन अक्षरांनी ती फिकट होत जातात, इतकी की शेवटची पांढऱ्यात विरून जातात. जवळ-लांब दोन्ही दाखवणाऱ्या मल्टिफोकल लेन्सा प्रकाश वाटून घेतात. त्यामुळे चष्मा सुटतो, पण फिकट गोष्टी ओळखणं थोडं कमी होऊ शकतं आणि रात्री दिव्यांभोवती वलयं दिसू शकतात. रात्री रिक्षा-टॅक्सी चालवणाऱ्याला हे आधी कळलंच पाहिजे. आणि ऑपरेशननंतर काही महिन्यांनी किंवा वर्षांनी पुन्हा धूसर दिसू लागलं, तर ‘मोतीबिंदू परत आला’ असं समजू नका. तो परत येत नाही. लेन्समागची पिशवी गढूळ होते आणि याग लेसरने तिच्यात मधोमध खिडकी करतात.

जवळच्या नजरेसाठी वेगळा तक्ता असतो, त्यावर एन-६, एन-८ असे आकडे. मराठीतला उतारा असलेला तक्ता मागून घ्या. आजोबांनी आयुष्यभर मराठी पेपर वाचला असेल तर त्यांची परीक्षाही काना-मात्रा-वेलांटी असलेल्या मजकुरावरच व्हायला हवी. टपाल तिकिटाएवढ्या जागेत छापलेली गोळ्यांच्या पाकिटावरची तारीख वाचता येते का, हेही मी विचारते.

सगळ्या देशाचा हिशेब करताना अजून एक बारकावा येतो. पूर्वी ऑपरेशननंतर ६/१८ किंवा त्याहून चांगलं दिसलं की जागतिक आरोग्य संघटना त्याला चांगला निकाल म्हणायची. आता मोजणीत ६/१२ ची पायरी धरतात. २०२१ मध्ये सदस्य देशांनी मान्य केलेलं उद्दिष्ट असं की २०३० पर्यंत मोतीबिंदूच्या परिणामकारक शस्त्रक्रियांचं प्रमाण ३० टक्के-गुणांनी वाढावं, म्हणजे समजा ४० टक्के असेल तर ७० टक्के व्हावं. परिणामकारक म्हणजे, ज्यांना गरज होती त्यांच्यापैकी किती जणांचं ऑपरेशन झालं एवढंच विचारायचं नाही, तर ऑपरेशननंतर किती जण खरोखर नीट पाहतात तेही विचारायचं. आणि ही नजर माणूस रोज जसा वावरतो तशीच मोजतात. चष्मा असेल तर चष्म्यासकट, नसेल तर तसंच. शिबिरात ऑपरेशन झालं पण साठ-सत्तर रुपयांचा चष्माही हातात पडला नाही, तर डोळ्याची ताकद ६/६ असूनही त्या आजोबांचा निकाल ६/२४ लिहिला जाईल. मला ही रीत योग्य वाटते. चष्मा मिळेपर्यंत ऑपरेशनचं काम संपलेलं नसतं.

शेवटी पेशंटला विचारणं हेही मोजमापच आहे. स्वीडनमध्ये तयार झालेल्या एका प्रश्नावलीत फक्त नऊ प्रश्न आहेत. पेपर वाचताना, ओळखीचे चेहरे ओळखताना, दुकानात किंमत पाहताना, खडबडीत रस्त्यावर चालताना, शिवण-टिपण करताना किती त्रास होतो, असे. भारतातल्या पेशंटसाठीही अशी एक प्रश्नावली बनवलेली आहे. ऑपरेशनच्या आधी आणि नंतर एकच प्रश्न विचारले की तक्त्याला न दिसलेलं बरंच काही दिसतं. पडदा आधीच कमजोर असलेल्या एका काकांची नजर ६/६० वरून ६/२४ पर्यंतच आली. तक्त्याच्या भाषेत हा मध्यम निकाल. पण आता ते एकटे स्वच्छतागृहापर्यंत जातात, आणि त्यांच्या सुनेने ते मला दोनदा सांगितलं.

आजींना त्या दिवशी तपासणीच्या फ्रेममध्ये प्लस तीनचं भिंग घालून दिलं. सुई हातभर लांब धरायची सवय लागली होती, ती त्यांना जवळ आणायला सांगितली. पहिल्याच वेळी दोरा आत गेला. दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन दोन महिन्यांनी ठरलं होतं. मी त्यांच्या मुलाला पहिल्या डोळ्याचा कागद नीट जपून ठेवायला सांगितला, कारण पहिल्या डोळ्यात अंदाज किती आणि कोणत्या बाजूला चुकला हे कळलं, तर दुसऱ्या डोळ्याची लेन्स निवडताना त्यातली साधारण निम्मी चूक सुधारून घेता येते. त्यासाठी कागदावर चार गोष्टी हव्यात: बसवलेल्या लेन्सचं नाव आणि ताकद, ऑपरेशनआधीची मापं, ठरवलेला नंबर, आणि सहाव्या आठवड्यातला प्रत्यक्ष नंबर. मुलाने मोबाइलवर फोटो काढला. आजींनी मूळ कागद घडी घालून रेशन कार्डाच्या प्लास्टिकच्या पाकिटात ठेवला आणि विचारलं, “दुसऱ्या डोळ्याने मग जवळचंच दिसेल असं करता येईल का?”

दोन डोळ्यांत एवढा फरक त्यांना सहन होतो का ते पाहायला मी एका डोळ्यासमोर अडीच-तीन नंबरने वेगळं भिंग लावून दोन्ही डोळ्यांनी चालून बघायला सांगितलं. कॉरिडॉरच्या टोकापर्यंत जाऊन त्या परत आल्या, जिन्याच्या दोन पायऱ्या उतरून चढल्या. चक्कर येत नाही म्हणाल्या. डॉक्टरांसाठी मी फाइलवर तसं लिहून ठेवलं.